मांजर आधी आली, लेक नंतर

ताई, माझी ठमी नऊ वर्षांची मांजर आहे, लग्नाच्या आधीपासूनची, मी एकटी राहायचे तेव्हा तिचीच काय ती सोबत होती. मुलगी आता सहा वर्षांची. गेले काही महिने तिला सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, डोळे चोळून चोळून लाल, रात्री खोकला. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी वाटतेय, घरात मांजर आहे का? तेव्हापासून नवऱ्याचं एकच, मुलगी की मांजर ते ठरव. सासूबाई म्हणतात कुठेतरी लांब सोडून या. लेक तर ठमीला कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही. मी अधूनमधून माझी ॲलर्जीची गोळी अर्धी करून तिला देते, म्हणजे हा घरी येईपर्यंत ती ठीक दिसते. मी वाईट आई आहे का?

—

अगं वाईटबिईट काही नाहीस, पण तो गोळीचा उद्योग आजच्या आज बंद कर. पत्रात एका ओळीत उरकलंस ते, आणि मी मात्र तिथेच अडकले. एक तर मोठ्या माणसाची गोळी अंदाजाने अर्धी करून लहान मुलांना द्यायची नसते. दुसरं, त्या गोळीने शिंका आणि खाज दबते पण दमा असेल तर श्वासनळ्यांची सूज त्याने जात नाही, म्हणजे वरून पोरगी छान दिसणार आणि आत जे चाललंय ते चालूच राहणार. शिवाय ॲलर्जी कशाची आहे ते शोधणारी स्किन प्रिक टेस्ट करायची झाली तर ही गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर ॲलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, पण तू देतेयस हे त्यांना माहीत तर पाहिजे ना.

खरं सांगू, शिंकांपेक्षा मला तो रात्रीचा खोकला खटकला. रात्री खोकला, पळून आली की धाप, श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचार की दमा आहे का. आणि श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा एक वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये असं कधी दिसलं तर तडक हॉस्पिटल, तेव्हा मांजर कुणाची वगैरे चर्चा नको.

आता ठमी. तीच गुन्हेगार आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही बरं का. सकाळी उठल्या उठल्या शिंका येणं हे गादी-उशीतल्या डस्ट माइट्सचंही, म्हणजे धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचंही काम असू शकतं आणि असं असेल तर ठमीला घालवूनही पोरगी शिंकतच राहील. ती स्किन प्रिक टेस्ट सोपी असते, ज्यांचा संशय आहे त्या गोष्टींच्या अर्काचे थेंब हातावर ठेवून हलकंसं टोचतात आणि 15-20 मिनिटांत गांधी उठते का बघतात, नाहीतर रक्ताची आयजीई टेस्ट, म्हणजे ॲलर्जीत शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती रक्तात मोजतात. पॉझिटिव्ह आली तरी लक्षणांशी ताडून बघावं लागतं, नुसत्या रिपोर्टवर निकाल लावायचा नाही.

आणि 'दोन दिवस ठमीला दुसरीकडे ठेवून बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. लोकांना वाटतं ॲलर्जी केसांची असते. मुख्य भानगड असते फेल डी 1 नावाच्या प्रोटीनची, ते मांजरीच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथीत तयार होतं, ती अंग चाटते, ते वाळतं आणि इतके बारीक कण होतात की तासन्‌तास हवेत तरंगतात, सोफा, पडदे, गादी, भिंती, सगळीकडे चिकटतात. मांजर गेल्यावरही घरातलं प्रमाण उतरायला 4 ते 6 महिने लागू शकतात. दोन दिवसांत काय डोंबल कळणार! त्यापेक्षा मुलगी चार दिवस बाहेर कुठे राहायला गेली की तिला बरं वाटतं का आणि परत आल्यावर पुन्हा सुरू होतं का ते लिहून ठेव, तेवढं डॉक्टरांना उपयोगी पडेल.

टेस्ट होईपर्यंत एकच गोष्ट मनावर घे, मुलीची झोपायची खोली ठमीला बंद. दिवसासुद्धा. यावर रडारड होणार, होऊ दे. चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 डिग्रीच्या पाण्यात धू, कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पूस, खोलीत हेपा फिल्टरचा, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण अडकवणारा प्युरिफायर लावलास तर थोडी मदत होते. ठमीला आंघोळ घालायच्या भानगडीत पडू नकोस, काही दिवसांत सगळं जैसे थे आणि तुझे हात ओरबाडलेले. लाळेतलं ते प्रोटीन निकामी करणारं कॅट फूडही हल्ली मिळतं, त्याने प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. बऱ्याच घरांत एवढ्यावर आणि डॉक्टरांच्या औषधांवर निभावतं.

पण दमा निघाला, ॲलर्जी ठमीचीच निघाली आणि हे सगळं करून, नियमित औषधं देऊनही आटोक्यात येईना, तर ठमीला दुसरं घर शोधावं लागेल. यात मी गोड बोलणार नाही. दुसरं घर म्हणतेय मी, सासूबाईंचं ते 'सोडून या' नाही. नऊ वर्षं घरात वाढलेली मांजर रस्त्यावर जगणार कशी? ओळखीतलं कुणीतरी, मांजरीची सवय असलेलं, आणि शोधायला वेळ लागला तर लागू दे.

लेकीशी मात्र आत्ताच बोल. सहा वर्षांच्या पोरीला घरातलं सगळं ऐकू येतं. 'मुलगी की मांजर' तिच्या कानावर गेलं असेल तर ती शिंक दाबत असेल, नीट लक्ष ठेव, नाक चिमटीत धरून बसते का, उशीत तोंड घालून खोकते का. तिला सांग की शिंक आली तर आईला सांगायचं, सांगितल्यामुळे ठमी जाणार नाही, काय करायचं ते आई-बाबा आणि डॉक्टर मिळून ठरवणार, त्यात तिची काहीच चूक नाही. आणि ठमी द्यायची वेळ आलीच तर 'पळून गेली' असली थाप मारू नका, पोरगी खिडकीत वाट बघत बसेल.

तू रडलीस तरी चालेल गं, नऊ वर्षांची सोबत आहे. नवऱ्याला चिडून विचारू दे काय विचारायचं ते, तोही घाबरलाय बहुतेक. अपॉइंटमेंटला त्याला सोबत घेऊन जा आणि गोळीचं आदल्या दिवशीच सांगून टाक, डॉक्टरांसमोर त्याला पहिल्यांदा कळायला नको.