चालू मशीन शॉप दुसऱ्या शहरात हलवायचं आहे. गिऱ्हाइकांचा माल न अडवता हे कसं करावं आणि तयारी किती आधी सुरू करावी?

समजा चित्र असं आहे: पाच सीएनसी (संगणकावर चालणारी) आणि तीन साधी मशिनं, बारा माणसं, रोज माल उचलणारी दोन मोठी गिऱ्हाइकं, नवी जागा चारशे किलोमीटरवर. अशा वेळी ट्रक कधी बोलवावा हाच विचार आधी येतो. ट्रकची तारीख सगळ्यात शेवटी ठरते. त्याआधी साठ्याचा हिशोब करावा लागतो, आणि बहुतेक स्थलांतरं तिथेच फसतात.

हिशोब असा करा. समजा एक गिऱ्हाईक रोज ४०० नग उचलतं. मशीन बंद केल्यापासून नव्या जागी पहिला माल मंजूर होईपर्यंतचे दिवस मांडा: मशीन सोडवून बांधायला २, वाहतूक आणि उतरवण्याला २, बसवणं, लेव्हलिंग आणि वायरिंगला ४, चाचणीला ३, गिऱ्हाइकाच्या मंजुरीला ७. झाले १८ दिवस, म्हणजे ७,२०० नग हाताशी हवेत. तुमची क्षमता रोज ५०० नगांची असेल तर चालू पुरवठा सांभाळून रोज फक्त १०० शिल्लक पडतात. ७,२०० साठायला कामाचे ७२ दिवस लागतील. त्यात काही बिघडलं तर म्हणून निम्मी भर धरा (मी ती धरल्याशिवाय तारीख देणार नाही), की आकडा १०,८०० वर जातो आणि दिवस १०८ होतात. एवढा वेळ नसेल तर जास्तीची पाळी लावा किंवा काही काम बाहेरून करून घ्या, पण ते आत्ताच ठरवा. हा हिशोब प्रत्येक पार्टसाठी वेगळा करायचा आणि ज्याचे दिवस सर्वात जास्त येतील त्यावरून तारीख काढायची.

साठा करताना दोन गोष्टी सांभाळा. त्या काळात ड्रॉइंग बदलणार नाही हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या, नाहीतर तयार माल भंगारात जाईल. आणि माल गंजरोधक तेल लावून, व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या कागदात) गुंडाळून, बॅच नंबरनिशी ठेवा. हा साठा जुन्या शेडमध्ये ठेवूच नका, गिऱ्हाइकाजवळच्या गोदामात आधीच पोचवा. हलवाहलवीच्या धांदलीत तयार मालाची पेटी नेमकी मशीनच्या मागे अडकते.

गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं असेल तर मशिनं हलवण्याआधी त्याला कळवणं बंधनकारक समजा. पीपीएपीच्या (वाहन उद्योगातल्या पार्ट-मंजुरीच्या पद्धतीच्या) नियमांत टूलिंग आणि मशिनं दुसऱ्या प्लांटला नेणं हा कळवण्याचा आणि नव्याने मंजुरी घेण्याचा विषय आहे. आयएसओ ९००१ चं (गुणवत्ता व्यवस्थापनाचं) प्रमाणपत्रही पत्त्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधी सांगून नव्या जागेचा ऑडिट ठरवून घ्या. वर धरलेले मंजुरीचे सात दिवस अंदाजाचे आहेत. खरा आकडा गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागाला विचारूनच लिहा.

सगळी मशिनं एकदम हलवू नका, दोन खेपा करा. पण आधी सगळे लेथ आणि मग सगळी मिलिंग मशिनं, अशी वाटणी चुकीची ठरते. पार्ट लेथवरून मिलिंगवर जात असेल तर तेवढे दिवस दोन्ही शहरांत अर्धवट नग पडून राहतील. एका पार्टची पूर्ण साखळी, म्हणजे मशिनं, फिक्श्चर (नग पकडून ठेवणारे साचे), गेज (मापं तपासायची साधनं) आणि तो पार्ट चालवणारी माणसं, एकत्र हलवा. पहिल्या खेपेला सैल टॉलरन्सचा (मापात जास्त फरक चालणारा), सोपा पार्ट घ्या.

नव्या शेडमध्ये सर्वात आधी विजेचा अर्ज करा. जागेचा करार झाला त्याच दिवशी करा, कारण जोडणीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. मंजूर लोड काढताना मशिनांसोबत कॉम्प्रेसर, एसी आणि पुढच्या दोन वर्षांत येणारं मशीनही धरा. जिथे फाउंडेशन लागतं तिथे मशीन बनवणाऱ्याच्या पुस्तकातलं ड्रॉइंग वापरा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात, सात दिवसांत साधारण दोन तृतीयांशच येते. हे दिवस वाचवायला गेलात तर मशीन महिनाभर हळूहळू खचत राहील आणि लेव्हल टिकणार नाही. दाराची उंची आणि रुंदी, वळायला जागा, क्रेनचा बूम आत शिरतो का, हे सगळं स्वतः टेप लावून मोजा.

आता मशीन उचलण्याची तयारी. सीएनसीचे पॅरामीटर, लॅडर (मशीनचे स्विच-रिले चालवणारा प्रोग्रॅम), प्रोग्रॅम, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) आणि मॅक्रो व्हेरिएबल यांचा बॅकअप दोन वेगळ्या ठिकाणी घ्या आणि तो उघडून बघा. बऱ्याच कंट्रोलमध्ये ही माहिती आणि अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्ष नेमका कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरची) जागा बॅटरीवर टिकते. वाहतुकीत मशीन कित्येक दिवस विजेशिवाय राहतं आणि जुनी बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. म्हणून बॅटरी आधीच बदला, आणि ती कंट्रोल चालू असताना बदलायची असते हे विसरू नका. मोटारीपासून एन्कोडरची केबल सोडावी लागणार असेल तर आधी प्रत्येक अक्ष माहीत असलेल्या जागी आणून स्थिर आणि हलत्या भागावर मिळून एक बारीक रेघ मारा. रेफरन्स पुन्हा लावताना तीच रेघ कामाला येते.

कूलंट, हायड्रॉलिक तेल आणि ल्युब तेल काढून टाका. टेबल मधोमध आणा, स्पिंडल हेडखाली लाकडी ठोकळा द्या, काउंटरवेट असेल तर लॉक करा. मशीन आलं तेव्हाचे रंगवलेले वाहतूक ब्रॅकेट कुठेतरी पडले असतील. ते शोधून लावा, नाहीतर रस्त्यावरच्या धक्क्यांचा मार बॉल स्क्रूवर (अक्ष सरकवणाऱ्या अचूक स्क्रूवर) बसतो. उघड्या स्लाइडवर गंजरोधक मारा, व्हीसीआय फिल्म गुंडाळा, त्यावर ताडपत्री. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना तोच नंबर द्या, फोटो काढा आणि बोल्ट पिशवीत घालून त्याच मशीनला बांधा. उचलायचे पॉइंट पुस्तकात दिलेले असतात. गुरुत्वमध्य डोळ्यांना दिसतो तिथे नसतो, म्हणून अंदाजाने पट्टे घालू नका.

नव्या जागी वीज जोडताना मेन स्विच चढवण्याआधी व्होल्टेज मोजा आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप त्यानुसार लावा. मग फेज सिक्वेन्स मीटर (तीन फेजचा क्रम दाखवणारं) लावा. फेज उलटे असतील तरी ड्राइव्हवरचा स्पिंडल सरळच फिरतो आणि सगळं ठीक वाटतं. पण थेट जोडलेला हायड्रॉलिक पंप उलटा फिरून तेल ओढत नाही आणि कोरडा चालून जाम होतो. स्क्रू कॉम्प्रेसर तर काही सेकंदांत खराब होऊ शकतो. उपाय सोपा आहे: मशीनला येणाऱ्या मेन केबलमधल्या कुठल्याही दोन फेज वायरींची अदलाबदल. मशीनच्या आत हात लावू नका. आतली जोडणी एकमेकींशी जुळलेली आहे, एक मोटार बदललीत की बाकीच्या उलट्या राहतील.

लेव्हलिंग प्रति मीटर ०.०२ मिमीच्या प्रिसिजन लेव्हलने करा, सगळ्या पॅडवर भार येतोय ना बघा आणि महिन्याभराने पुन्हा तपासा. सीएमएम (नगाची मापं घेणारं मशीन) हलवला की त्याचं कॅलिब्रेशन नव्यानेच लागतं.

शहर बदललं की पाणी आणि हवाही बदलते, आणि हे फारसं कोणी धरत नाही. पाणी जड असेल तर कूलंटमधल्या इमल्सिफायरची (तेल-पाणी एकत्र ठेवणाऱ्या रसायनाची) कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रक्रिया होऊन चिकट साय तयार होते, फिल्टर तुंबतात. फार मऊ असेल तर फेस येतो. म्हणून आधी पाण्याची कठीणता तपासा आणि कूलंट पुरवणाऱ्याला तो आकडा द्या. नवी जागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच असेल तर मोटारी आणि ड्राइव्हची क्षमता घटते. शेड किती तापते तेही बघा. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. ३०० मिमीचा जॉब सहा अंश जास्त गरम असताना मोजलात तर वाचन ०.०२ मिमीने जास्त येईल. मग ऑपरेटर उगाच ऑफसेट फिरवत बसेल.

माणसांशी सगळ्यात आधी आणि खरं बोला. कोण येणार, कोण नाही, हे जुन्या जागेवर काम चालू असतानाच कळायला हवं. जे येणार नाहीत त्यांच्या डोक्यातली सेटिंग कागदावर उतरवा: कोणता जबडा, किती क्लॅम्पिंग प्रेशर, कितव्या नगाला इन्सर्ट बदलायचा. शिवाय त्यांच्याकडून सेटिंग करतानाचा व्हिडिओ घ्या. या कामाचे पैसे वेगळे द्या, ते त्यांच्या वर्षांच्या कसबाचे आहेत. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला काय मिळणार हेही लेखी द्या.

हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगचे वेंडर पहिल्या दिवशी बदलू नका. जागा, माणसं आणि वेंडर एकदम बदलले आणि नग नापास झाला तर कारण सापडणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने माल जुन्याच वेंडरकडे पाठवा, वाहतूक महाग पडली तरी.

विम्यात मोठी फट असते. शेडचा विमा सहसा त्या पत्त्यापुरता असतो, ट्रकमधलं मशीन त्यात येत नाही. वाहतुकीचा विमा वेगळा घ्या आणि चढवणं, उतरवणं नि बसवणं त्यात स्पष्ट लिहून घ्या, कारण मशिनं पडतात ती बहुधा उचलतानाच. कर, बँक आणि परवाने यांवरचे पत्ते बदलण्याचं काम एकाच माणसाकडे सोपवा.

जुनी जागा दुसऱ्या खेपेनंतर निदान महिनाभर सोडू नका, वीज जोडणीसह. पहिल्या खेपेचा पार्ट नव्या जागी मंजूर झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत दुसऱ्या खेपेचा एकही बोल्ट सोडू नका.