अपघाताच्या भरपाईचे दरमहाचे हप्ते विकून एकरकमी पैसे घ्यावेत का?

तुमच्या मेहुण्याला न्यू जर्सीत अपघाताच्या भरपाईपोटी दरमहा 1,000 डॉलर येतात, अजून 10 वर्षं येतील, आणि एक कंपनी ते सगळे हप्ते घेऊन आत्ता 62,000 द्यायला तयार आहे. द्यावेत का, आणि मध्ये कोर्ट कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी याच राज्यात या वाटेनं गेलोय, म्हणून लिहितो.

आधी टक्का काढा. 1,20,000 चे 62,000 म्हणजे वर्षाला 15 टक्क्यांनी कर्ज काढल्यासारखं झालं. हाच हिशेब 5 टक्क्यांनी केला तर पुढच्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत 94,000 च्या वर जाते. फोनवरचा माणूस "तुमचेच पैसे, फक्त लवकर" एवढंच म्हणतो. टक्का विचारला की आवाज खाली येतो.

आता कोर्ट. असे हप्ते करमुक्त असावेत यासाठी 1982 साली अमेरिकेत कायदा झाला. हेतू हा की जखमी माणसाच्या हातातली भरपाई दोन वर्षांत उडू नये. (आपल्याकडेही मोटार अपघात न्यायाधिकरण बऱ्याचदा भरपाईतला काही भाग मुदत ठेवीत अडकवून ठेवतं, ते याच काळजीनं.) पुढे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. 1997 मध्ये इलिनॉयनं पहिल्यांदा कोर्टाची मंजुरी सक्तीची केली, मग एकेक करत जवळजवळ सगळी राज्यं त्या वाटेनं गेली. 2002 पासून केंद्राचा नियम असा, की आधी कोर्टाचा हुकूम नसेल तर हप्त्यांची बेरीज आणि कंपनीनं दिलेले पैसे यांतल्या फरकावर कंपनीला 40 टक्के कर. त्यामुळे हुकुमाशिवाय कुठलीही शहाणी कंपनी पैसे देत नाही.

जज्ज मुख्य बघतो ते हे, की हा व्यवहार विकणाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या हिताचा आहे का. माझा पहिला अर्ज फेटाळला होता. गाडीच्या अपघातात पाय मोडून मी वर्षभर घरी होतो, क्रेडिट कार्डाचं 24 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर. सगळेच्या सगळे हप्ते विकायला निघालो. कॉरिडॉरमध्ये वकिलानं इतक्या प्रेमानं हात हातात घेतला की मला तो माझाच वाटला. तो कंपनीचा होता. जज्जबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "मुलं किती? पुढच्या वर्षी भाडं कशातून भरणार?" मला उत्तर देता आलं नाही. खूप राग आला होता तेव्हा. चार महिन्यांनी फक्त 30 हप्त्यांचा अर्ज केला, कार्डाचं स्टेटमेंट जोडलं, दहा मिनिटांत मंजूर.

सगळेच जज्ज इतकं खोदत नाहीत, हेही खरं. 2015 मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं मेरीलँड राज्यातल्या बॉल्टिमोरमधल्या, लहानपणी शिशाच्या रंगानं विषबाधा झालेल्या तरुणांच्या कहाण्या छापल्या. एकीनं एकूण सुमारे 5,74,000 डॉलरचे हप्ते 63,000 हूनही कमी पैशांत विकले होते. पुढच्याच वर्षी मेरीलँडनं कायदा कडक केला.

सही करण्याआधी कंपनीला एक खुलासापत्रक द्यावंच लागतं. बऱ्याच राज्यांत किमान 3 दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये 10. त्यात हप्त्यांची एकूण बेरीज, सरकारी दरानं आजची किंमत, कंपनी देणार ती रक्कम आणि कापलेली फी वेगवेगळी लिहिलेली असते. फीची ओळ दोनदा वाचा. कंपनीशी संबंध नसलेल्या वकिलाकडून किंवा सीपीएकडून (म्हणजे अमेरिकेतला सीए) ते वाचून घ्या, सहीच्या आधी. हप्ते ठरावीक वर्षांसाठी हमीचे आहेत की मेहुणा हयात असेपर्यंतच, हेही मूळ करारात पाहा. हयातीवरच्या हप्त्यांना भाव फार कमी येतो.

आणि अर्ज एकदा कोर्टात गेला की तो कुणालाही बघता येतो. मला आठवडाभरात दुसऱ्या कंपन्यांचे इतके फोन आले की बायकोनं लँडलाइनची वायरच काढली. पण त्यातल्याच एकीनं जास्त भाव दिला, तेव्हा फोन अगदीच वाया नाही गेले.

मेहुण्याला नक्की किती पैसे हवेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. 20,000 नं काम भागत असेल तर 120 हप्ते कशाला? पुढचे 24 हप्ते 12 टक्क्यांनी विकले तरी फी धरायच्या आधी 21,000 च्या आसपास येतात, आणि उरलेली आठ वर्षं त्याच्याकडेच राहतात.