कुडात खोचलेली चिठ्ठी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिन्यांत अंगणवाडीतली नऊ कुपोषित मुलं दवाखान्यात पाठवलीस, त्यातली तीनच पोचली, आणि बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या अंगणवाड्यांच्या, मीटिंगमध्ये सुपरवायझर मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ‘आया हो हो म्हणतात आणि जातच नाहीत’, असं लिहिलंयस. वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं.

मोखाड्याच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका म्हणून नवीच लागले होते. दीड वर्षाची एक मुलगी होती, वजन पाच किलोच्या आतबाहेर. मी नीट चिठ्ठी लिहिली, आईच्या हातात दिली, रजिस्टरात ‘संदर्भित’ असं लिहून तारीख टाकली. आठ दिवसांनी घरी गेले, तर चिठ्ठी कारवीच्या कुडात खोचलेली, चुलीच्या धुराने पिवळी पडलेली. आईने ती जपून ठेवली होती. रेशनकार्डासारखा हाही कागद घरात ठेवायचा असतो, असं तिला वाटलं. दवाखान्यात जा, एवढं मी म्हटलं होतं. पण कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीवर, किती दिवस राहायचं, बरोबर काय न्यायचं, यातलं एक अक्षर बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी दोघींना घेऊन गेले. मुलगी वाचली. ते आठ दिवस मात्र आजही माझ्या अंगावर येतात.

त्यानंतर मी रजिस्टरात पेन्सिलने एक रकाना वाढवला: ‘पोचली’. पुढे त्याच्या शेजारी दुसरा: ‘घरी परत आली’. तूही वाढव. कुणी विचारो न विचारो.

दंडाचा घेर मोजायच्या दंडपट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे गंभीर कुपोषण, हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर लाव, खांदा आणि कोपर यांच्यामध्ये खूण करून. पट्टी आवळू नकोस. आणि पावलं दाबल्याशिवाय मुलाला खाली ठेवू नकोस. दोन्ही पावलांवर अंगठा ठेव, तीन सेकंद दाब, उचल. खळगा राहिला तर ती सूज, आणि ते मूल गंभीर आहे, वजन कितीही भरो. अशा मुलाचे गाल भरलेले दिसतात, आजी म्हणते, ‘पोर सुधारलंय की!’ त्या घरात तुझं बोलणं सगळ्यात अवघड जाईल, आणि तिथेच ते सगळ्यात गरजेचं असतं.

बोलताना ‘तुझं मूल कुपोषित आहे’ असं चारचौघींत म्हणू नकोस. आईला त्यात एकच ऐकू येतं, की तू त्याला उपाशी ठेवलंस. माझ्या बीटमधल्या एका अनुभवी सेविकेने मला शिकवलं: ‘याचा दंड भरत नाहीये, आपण दोघी मिळून बघू.’ घरात सासू असेल तर आधी सासूशी बोल. नवरा वीटभट्टीवर असेल तर आईसमोरच त्याला फोन लाव.

आता एनआरसीचं, म्हणजे रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्राचं. तिथे राहायचे १४ दिवस हा कागदावर एक आकडा आहे. त्या बाईसाठी त्या १४ दिवसांत मोठ्या दोघांच्या भाकऱ्या आहेत, शेळ्या आहेत, लावणी चालू असेल तर बुडणारी मजुरी आहे. बुडीत मजुरी मिळते, हे तुला माहीत आहे, तिला नाही. ती खात्यात जमा होते, तेव्हा पासबुक चालू आहे का ते निघण्याआधी बघ. नाहीतर पैसे अडकतात, आणि पुढच्या वेळी पाड्यावरची एकही बाई तुझ्या शब्दावर उठणार नाही. मोठी मुलं कुणाकडे राहतील, हे तिच्याबरोबर बसून नाव घेऊन ठरव. ‘बघू कुणाकडे तरी’ इथवर थांबलीस, तर समज ती जाणार नाही.

तिथे गेल्यावर काय होईल तेही आधीच सांग. माझ्या माहितीतल्या बऱ्याच आया तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल उचलून परत आल्या, आणि सगळ्यांची तक्रार एकच: ‘सलाईन नाही, सुई नाही, नुसतं दूध देतात, ते तर घरीही पाजते मी.’ ते दूध साधं नसतं. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, वजनाप्रमाणे मोजून देतात. इतकं सुकलेलं शरीर एकदम पोटभर अन्न झेलू शकत नाही, जिवावर बेतू शकतं, म्हणून थोडं थोडं देऊन आधी सावरतात आणि मग वाढवतात. आईला हे सांगितलं की ती थांबते. अगदी सोप्या शब्दांत सांग: विझत आलेल्या चुलीत एकदम मोठं लाकूड घातलं तर काय होतं, हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एकदा एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवरून एक आई परत आली, कारण आधार घरी राहिलं होतं. चार तासांची वाट. तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पिशवी स्वतः बघायचे: आधार, पासबुक, माता-बाल कार्ड, दोन लुगडी, मुलाला एक उबदार कापड. आणि तिथल्या सिस्टरला किंवा आहारतज्ज्ञांना आधी फोन. ‘अमुक पाड्यावरची आई उद्या येतेय, लाजते, विचारणार नाही, तुम्हीच हाक मारा.’ त्या एका फोनने जे होतं ते दहा चिठ्ठ्यांनी होत नाही.

प्रत्येक मुलाला तिकडेच पाठवायचं नसतं, हेही ध्यानात ठेव. दंड लाल आहे, पण मूल हसतंय, खातंय, ताप नाही, सूज नाही, तर आपल्याच अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र आहे. आईचा दिवस वाचतो. हाकेला वळून न बघणारं, मान उशिरा धरणारं, पाऊल आत वळलेलं मूल असेल, तर आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, तपासणी पथकाला दाखव. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, पण वाट बघत बसू नकोस, फोन कर. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नेतात, वळलेल्या पावलाचे उपचार, हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा विनाशुल्क होते. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर १०२ची गाडी मोफत आहे. नवरा गेलेली किंवा टाकलेली बाई असेल तर बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. तिचा अर्ज तू भर, तिला फक्त यादी देऊन मोकळी होऊ नकोस.

आणि भगताकडे जाणाऱ्या घराशी भांडू नकोस. मी भांडले आणि दार बंद करून घेतलं. नंतर भगताच्याच घरी जाऊन बसले, त्याच्या नातवाचा दंड मोजला. पुढे तोच म्हणायचा, ‘धागा मी बांधतो, पण ताईकडे जा.’

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. त्यानंतर तुझा अर्धा पाडा भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जाईल, एनआरसीतून नुकती सुधारून आलेली मुलंही. त्यांची फेरतपासणी दर १५ दिवसांनी चार वेळा असते, ती भट्टीवर कोण करणार? म्हणून याच आठवड्यात घरोघर जा. भट्टी कुठल्या गावची, ठेकेदाराचा नंबर काय, जायचा दिवस कुठला, लिहून घे. पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद कर, आणि तिथल्या सेविकेला स्वतः फोन कर. ती ओळखीची नसेल. नसू दे. मुलाचं नाव, शेवटचं वजन, शेवटचा दंड सांग. तुझ्या त्या न पोचलेल्या सहा मुलांपासून सुरुवात कर. आणि कोण सापडलं ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई