टपकणाऱ्या व्हॉल्व्हसाठी एफडी मोडायची का?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गच्चीवरच्या टाकीखालचा मेन व्हॉल्व्ह गळतोय. प्लंबर म्हणतो, जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन सगळीच काढा, ४८,००० लागतील. नुसता व्हॉल्व्ह बदलायचे १,२००. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येणार, त्याआधी दीड लाखाची एफडी मोडून काम उरकावं का? एफडी तीन वर्षांची, ७.१ टक्क्यांची, दिवाळीनंतर सुटणार, म्हणजे अजून सात महिने बाकी. नळ चार दिवसांआड येतो आणि पाणीपट्टी वर्षाची ठोक.

ताई, तुम्ही एक काम फार छान केलंत. व्हॉल्व्हखाली लिटरची बाटली धरली, ती वीस मिनिटांत भरली. म्हणजे तासाला तीन लिटर, केळीला लावतात त्या चार लिटरच्या ड्रिपरपेक्षा जरासंच कमी. दिवसाला ७२ लिटर, महिन्याला हजार लिटरच्या दोन टाक्या. पैशात बघाल तर नुकसान किरकोळ: पाणीपट्टी ठोक, आणि दोन टाक्या वर चढवायला मोटर वीज कितीशी खाणार? खरा फटका पाण्याचा. नळ येईपर्यंत २८८ लिटर, जवळपास दीड ड्रम गच्चीवर जातंय, तेही आखाजीच्या तोंडावर. शिवाय स्लॅबमध्ये ओल मुरली की सळई गंजते, आणि तो खर्च ४८,००० ला हसेल.

तरी एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर मिळतो आणि वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. दोन वर्षांचा दर ६.८ धरला तर हाती ५.८ टक्के. २९ महिन्यांचा ढोबळ तोटा ४,७०० रुपये. त्यापेक्षा एफडीवरच ४८,००० कर्ज घेतलंत, दोन टक्के जास्त दराने, तर सात महिन्यांचं व्याज साधारण २,५५० होतं. पण आज तेही नको.

आधी गळती कुठून आहे ते कोरड्या फडक्याने पुसून बघा. चाकाच्या दांड्याजवळून पाणी झिरपत असेल तर तिथला ग्लँड नट सैल झालाय. एका पान्याने व्हॉल्व्ह धरा, दुसऱ्याने नट पाव फेरा आवळा, बस. जास्त आवळलात तर चाक फिरणार नाही. माझ्या घरी एवढ्यावर भागलं होतं. नाही थांबलं, तर नटाच्या आत दांड्याभोवती गुंडाळलेला दोरा बदलून घ्या. बॉडीलाच चीर असेल किंवा आटे गळत असतील तर मात्र नवा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा. १,२०० चं काम असलं तरी ५,००० हाताशी ठेवा. गंजलेल्या पाइपाचे आटे उघडताना कधी कधी पाइपच हातात येतो. टाकी रिकामी होत आली की, नळ यायच्या आदल्या दिवशी हे काम काढा.

सकाळी स्वयंपाकघरात तांबूस पाणी येतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्लंबर अगदीच खोटं बोलत नाही. लाइन बदलावी लागणारच. पण दिवाळीनंतर, दोघा-तिघांकडून दर घेऊन. तोवर एफडीच्या पावतीवर ‘ऑटो रिन्यूअल’ लिहिलंय का बघा. असेल तर सुटायच्या तारखेआधी बँकेत अर्ज देऊन ते बंद करा, नाहीतर पैसे पुन्हा तीन वर्षं अडकतील.