वाचकांचे प्रश्न : स्त्री राजदूत, पर्यटन आणि परराष्ट्र धोरण

प्रश्न : परराष्ट्र सेवेच्या परीक्षेची तयारी करताना नेहमी कानावर येते, की संस्कृती, पर्यटन, योग हे ‘सॉफ्ट पॉवर’चे, म्हणजे बळाऐवजी आकर्षणाने प्रभाव पाडण्याचे, विषय स्त्री अधिकाऱ्यांकडे सोपवले जातात आणि सीमा, संरक्षण, व्यापार ही महत्त्वाची कामे पुरुषांकडे राहतात. हे कितपत खरे आहे?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : स्त्रियांना कोणते काम द्यायचे, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. त्यांना सेवेत राहू द्यायचे की नाही, इथूनच भांडणाला सुरुवात झाली. 1949 मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा या त्या सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी होत. पुढे 1961 च्या सेवानियमांत असे कलम होते, की स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटले, तर विवाहानंतर केव्हाही तिला राजीनामा देण्यास सांगता यावे. पुरुष अधिकाऱ्याला अशी अट नव्हती. पदोन्नती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच त्यांना पदोन्नती मिळाली, त्यामुळे 1979 मध्ये याचिका निकाली निघाली, मात्र न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि ते तपासून दुरुस्त करण्यास सरकारला बजावले. आज आपण निर्धास्तपणे परीक्षेचा अर्ज भरू शकता, त्यामागे या बाईंची चिकाटी आहे.

‘महत्त्वाची कामे पुरुषांकडे’ हे विधान आता टिकत नाही. चोकिला अय्यर 2001 मध्ये परराष्ट्र सचिव, म्हणजे या सेवेतील सर्वोच्च अधिकारी, झाल्या, त्यानंतर निरुपमा राव आणि सुजाता सिंह यांनीही ते पद सांभाळले. राव यांनी त्याआधी श्रीलंकेत आणि चीनमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते, आणि या दोन नेमणुकांना कोणीही सौम्य म्हणणार नाही.

माझा खरा आक्षेप मात्र संस्कृती आणि पर्यटन यांना दुय्यम मानण्याला आहे. रुचिरा कंबोज 2014 ते 2017 या काळात पॅरिसला युनेस्कोमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण आणि संस्कृतीविषयक संघटनेत, भारताच्या राजदूत होत्या. एखादे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत यावे यासाठी जाडजूड प्रस्ताव तयार करावा लागतो, तज्ज्ञ संस्थेच्या शंकांना पुराव्यानिशी उत्तरे द्यावी लागतात आणि 21 देशांच्या समितीतील एकेका प्रतिनिधीला गाठून पाठिंबा मिळवावा लागतो. 2016 मध्ये समितीची बैठक इस्तंबूलला होती. 15 जुलैला नालंदाचा समावेश झाला आणि त्याच रात्री तुर्कस्तानात लष्करी बंडाचा प्रयत्न झाल्याने कामकाज थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान आणि, वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींसाठी सात देशांनी मांडलेल्या संयुक्त प्रस्तावातून, चंदीगडचे कॅपिटल संकुल यादीत आले. अशा वाटाघाटींना जी तयारी आणि जो संयम लागतो, तो व्यापार कराराला लागतो त्याहून कमी नसतो. आपल्या शिवकालीन किल्ल्यांच्या प्रस्तावावरही कितीतरी आधीपासून अशीच मेहनत झाली, तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये ते बारा किल्ले यादीत आले.

प्रश्न : पर्यटनाचा परराष्ट्र धोरणावर खरोखर परिणाम होतो, की ही केवळ जाहिरातबाजी आहे?
– एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : परिणाम होतो, पण जाहिरातींनी फारसा नाही. परदेशी पाहुणा येतो तो व्हिसा, विमान आणि रस्ता या तिन्ही गोष्टी सोप्या झाल्यावर. पूर्वी भारतात येण्यासाठी पासपोर्ट वकिलातीत जमा करून वाट पाहावी लागे. नोव्हेंबर 2014 मध्ये 43 देशांच्या नागरिकांना घरबसल्या ऑनलाइन अर्ज करण्याची सोय झाली. माझ्या मते हा निर्णय कोणत्याही देखण्या भित्तिपत्रकापेक्षा मोलाचा होता.

दुसऱ्या देशाची सॉफ्ट पॉवर आपल्या अंगणातही पाहता येते. अजिंठा-वेरूळ परिसराचे जतन आणि पर्यटनविकास यांसाठी जपानने 1992 पासून दोन टप्प्यांत सवलतीचे कर्ज दिले. त्यातून लेण्यांच्या संवर्धनाबरोबर रस्ते, पाणीपुरवठा आणि विमानतळ यांची कामे झाली. बौद्ध वारशाविषयीची जपानची आस्था मराठवाड्यातल्या माणसाला अशी रोजच्या वापरातून भेटते.

पर्यटनाचा दाब कसा पडतो, हे जानेवारी 2024 मध्ये दिसले. पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याविषयी समाजमाध्यमांवर अपमानकारक मजकूर लिहिला. आदल्या वर्षी मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. अनेकांनी ठरलेल्या सहली रद्द केल्या आणि वर्षभरात भारतीयांची संख्या बरीच घटली. उपमंत्र्यांना निलंबित करण्यात आले आणि काही महिन्यांतच मालदीवने भारतीय शहरांत पर्यटकांना पुन्हा बोलावण्याची मोहीम उघडली. तरीही याला सरकारी अस्त्र समजू नये, कारण सहल रद्द करण्याचा निर्णय ज्याचा त्याने घेतला होता आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत आले ते कर्ज आणि चलनटंचाईचे प्रश्न घेऊन, ज्यांची उत्तरे पर्यटकांजवळ नव्हती.