नॅनो ड्रेसिंगने जुनी जखम भरते का?

प्रश्न: बाबांना डायबेटिस आहे, तळपायाची जखम कित्येक महिने भरत नाहीये. चांदीचं ड्रेसिंग चालू आहे. आता नॅनो मटेरियलने नवीन स्किन येते असं ऐकलं, खरंय का?

उत्तर: अर्धं खरंय. साध्या जखमेला आधी सूज येते, मग मांस भरतं आणि कडेने त्वचा सरकत येते, पण डायबेटिसमध्ये जखम बऱ्याचदा सुजेपाशीच अडकून बसते, बॅक्टेरिया चिकट थर करून राहतात आणि मेलेलं मांस साफ करणारे एन्झाइम थांबायचं नावच घेत नाहीत, नवीन कोलॅजन (त्वचेला ताकद देणारं प्रथिन) पण खाऊन टाकतात.

चांदीचे नॅनोकण 1 ते 100 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्यातून चांदीचे आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू सुटतात आणि बॅक्टेरिया मरतात. पण प्रमाण जास्त झालं तर आपल्याच नव्या पेशींनाही त्रास होतो, म्हणून इन्फेक्शन गेलं असेल तर हेच पुढे चालू ठेवायचं का ते डॉक्टरांना विचाराच.

मला स्वतःला खरी आशा वाटते ती बायोअॅक्टिव्ह काचेची, म्हणजे शरीराशी जुळून काम करणाऱ्या काचेची. संशोधक लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये अमेरिकेत ती हाडासाठी बनवली, पुढे बोरेट (बोरॉन असलेल्या) काचेचे कापसासारखे मऊ तंतू आले, ते जखमेत ठेवले की तिथल्याच ओलाव्यात हळूहळू विरघळतात, बोरॉन आणि कॅल्शियम सुटतं आणि नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. हे प्रत्यक्ष वापरात आहे बरं का. पेशींना आधार देणारी नॅनोफायबरची जाळी, सिरियम ऑक्साइडचे (सिरियम या धातूच्या ऑक्साइडचे) कण वगैरे बरंचसं अजून संशोधनात आहे.

पण पायाला रक्तच पोचत नसेल किंवा बाबा त्याच पायावर भार देऊन चालत असतील, तर कितीही महागडं मटेरियल लावा, जखम भरणार नाही. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, मेलेलं मांस काढून घ्या, भार कमी करणारं बूट किंवा प्लास्टर मागा, शुगर सांभाळा, मग नवीन ड्रेसिंगचं विचारा.

आणि भरून आलेली त्वचा पहिल्यासारखी नसते, घामाच्या ग्रंथी सहसा परत येत नाहीत, व्रणाची ताकद मूळच्या साधारण 80 टक्क्यांपुढे जात नाही. तीच जागा परत फुटू शकते, त्यामुळे जखम भरल्यावरही तळपाय रोज बघायचा. लाली पसरली, वास आला, ताप आला किंवा बोट काळं पडलं तर पुढच्या ड्रेसिंगची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.