बास गिटारला हाय पास फिल्टर लावला तर खर्ज कमी होणार नाही का?

तुमची अडचण मी अशी समजतो : चार तारांची बास गिटार आणि १२ इंची एकच स्पीकर असलेला कॉम्बो अ‍ॅम्प्लिफायर घरी हळू आवाजात चांगला वाजतो, परंतु सभागृहात ऑर्केस्ट्रासोबत आवाज वाढवला की स्वर गढूळ होतात आणि स्पीकर फडफडू लागतो. एका वादकाने हाय पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारितेच्या खालचा आवाज कापणारे साधन, सुचवला आहे, पण ज्या वाद्याकडून खर्जाचीच अपेक्षा असते त्याचा खर्ज कापायचा कसा, असा तुमचा प्रश्न आहे. शंका रास्त आहे. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे : फिल्टर लावा, कारण योग्य जागी लावलेला फिल्टर जे कापतो त्यात संगीत जवळजवळ नसते, आणि ते कापल्यामुळे खरा खर्ज वाजवायला स्पीकर मोकळा होतो.

आधी आकडे पाहू. नेहमीच्या जुळणीत चार तारांच्या बासची सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, ए तार ५५ ला, डी तार ७३.४ ला आणि जी तार ९८ ला. म्हणजे ४१ हर्ट्झच्या खाली तुमच्या वाद्यात एकही स्वर नाही. सिग्नल मात्र आहे, आणि तो अनेकदा बराच मोठा असतो. बोटाने तार दाबून सोडताना तार पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकीय संवेदकाच्या) जवळ जाते आणि दूर येते, आणि ही संथ हालचाल पिकअप इमानदारीने विजेत रूपांतरित करतो. तळहाताने तारा थांबवताना, अंगठा पिकअपच्या कडेवर आपटताना, स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका मारून) वाजवताना असे धक्के सतत निर्माण होतात. ते ऐकू येत नाहीत, म्हणून ते आहेत हेच आपल्याला कळत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र ते स्वरांइतकेच खरे असतात आणि तो आपली शक्ती त्यांच्यावरही खर्च करतो.

याची खरी किंमत स्पीकरला मोजावी लागते. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. म्हणून ८० हर्ट्झला आरामात वाजणारा कोन ४० हर्ट्झला धापा टाकतो. आजचे बहुतेक छोटे कॉम्बो आणि कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेले भोक, असलेले असतात, त्यामुळे त्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. पोर्ट ज्या वारंवारितेला जुळवलेला असतो तिथे आवाज मुख्यतः पोर्टमधून येतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो, पण त्याच्या खाली गेले की पेटीतली हवा पोर्टमधून सरळ ये-जा करते आणि कोनला मागून मिळणारा आधारच नाहीसा होतो. मग २० हर्ट्झचा एखादा धक्का आला की कोन त्याच्या मर्यादेपर्यंत झेपावतो, आणि त्याच वेळी तुम्ही वाजवत असलेला स्वर त्या हेलकाव्यावर स्वार होऊन विकृत होतो. तुम्हाला जो गढूळपणा आणि जी फडफड ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच आहे. स्पीकरवर लिहिलेले ३०० किंवा ४०० वॅट हे त्याच्या कॉइलला किती उष्णता सोसते ते सांगतात. कोन किती सरकू शकतो याची मर्यादा खालच्या वारंवारितांना त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते.

आता तुमच्या शंकेचा गाभा. आपल्याला जो ‘बास’ ऐकू येतो तो कुठून येतो? ई तार वाजवली की ४१.२ हर्ट्झसोबत ८२.४, १२३.६, १६४.८ असे तिचे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटीतले उपस्वर, वाजतात, आणि पिकअप ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या घोडीच्या) बाजूला असल्यामुळे, जिथे तार तिच्या मूळ कंपनात फारशी हलत नाही, दुसरा हार्मोनिक अनेकदा मूळ वारंवारितेपेक्षा प्रबळ असतो. शिवाय मूळ वारंवारिता अगदीच क्षीण असली तरी मेंदू हार्मोनिकांच्या अंतरावरून तो स्वर ओळखतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही गाण्यातली बासची चाल आपल्याला कळते ती यामुळेच. या बाबतीत मला अ‍ॅम्पेगच्या एसव्हीटीचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. १९६९ मध्ये आलेला हा ३०० वॅटचा अ‍ॅम्प आणि त्याचे आठ १० इंची स्पीकरांचे बंद कॅबिनेट म्हणजे रॉक संगीतातल्या भरदार बासचा मानदंड मानला जातो, आणि तरी त्या घराण्यातल्या एसव्हीटी-८१०ई कॅबिनेटचा कंपनीने दिलेला प्रतिसाद ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने उतरलेला आहे. ज्या आवाजाला लोक छातीत बसणारा आवाज म्हणतात, त्याची ताकद प्रामुख्याने ६० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते.

अ‍ॅम्पवरचे बासचे बटण कमी केले तर हेच काम होणार नाही का, असे तुम्ही कदाचित विचाराल. होत नाही. ते बटण साधारणतः १०० हर्ट्झच्या आसपासचा सगळा भाग एकत्र उचलते किंवा दाबते, त्यामुळे ते कमी केले की निरुपयोगी धक्क्यांसोबत ८० ते १२० हर्ट्झचा मांसल भागही जातो आणि आवाज कोरडा होतो. हाय पास फिल्टर एका ठरावीक वारंवारितेच्या वरचे सारे जवळजवळ तसेच ठेवतो आणि खालचे उत्तरोत्तर अधिक कापत जातो. फिल्टर लावल्यावर बासचे बटण थोडे वाढवता येते, ही त्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे. आधी ते वाढवले की कोन कोलमडत असे, आता तीच वाढ ८०-९० हर्ट्झला जाऊन बसते आणि बास ऐकायला आधीपेक्षा मोठा वाटतो.

फिल्टर किती तीव्र आहे हे दर सप्तकाला किती डेसिबल या मापात सांगतात. समजा, फिल्टर ३५ हर्ट्झला लावला. १२ डेसिबलचा नेहमीचा बटरवर्थ फिल्टर असेल तर मोकळ्या ई तारेची मूळ वारंवारिता १.८ डेसिबलने कमी होते आणि २० हर्ट्झचा धक्का सुमारे १० डेसिबलने. २४ डेसिबलचा असेल तर ई तारेचे फक्त १ डेसिबल जाते आणि धक्क्याचे १९ हून अधिक. सहा डेसिबलचा, म्हणजे एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर इतकाच, फिल्टर या कामासाठी फार सौम्य आहे : तो धक्के पुरेसे कापत नाही आणि स्वर मात्र थोडे खातो. माझी पसंती २४ डेसिबलला आहे. त्याहून तीव्र फिल्टर मी टाळतो, कारण कटऑफच्या (फिल्टर जिथून कापू लागतो त्या वारंवारितेच्या) आसपास ते आवाजाच्या फेजमध्ये (लहरींच्या टप्प्यात) आणि वेळेत मोठा बदल करतात आणि तारेच्या ठोक्याचा कसदारपणा उणावतो.

फिल्टर लावताना आकड्यांवर न जाता कानांवर जावे. ज्या व्हॉल्यूमवर कार्यक्रम करायचा आहे त्याच व्हॉल्यूमवर मोकळी ई तार आणि तिच्यावरचे एफ, जी हे स्वर वाजवत राहा, फिल्टर सर्वांत खाली ठेवून हळूहळू वर न्या, आणि आवाज पातळ होऊ लागला असे वाटताच किंचित मागे या. स्पीकरच्या जाळीतून टॉर्चने कोनकडे पाहिले तर फडफड कुठे थांबते हे डोळ्यांनाही दिसते. छोट्या कॉम्बोवर ही जागा बहुधा ४० ते ५५ हर्ट्झच्या दरम्यान सापडते. घरी हळू आवाजात ती ठरवू नका, कारण कमी आवाजात आपला कान खालच्या वारंवारितांना मंद असतो आणि कोनवरही ताण नसतो. पाच तारांच्या बासची बी तार ३०.९ हर्ट्झची असल्यामुळे अनेक जण फिल्टर ३० च्या वर न्यायला घाबरतात, परंतु तिचा दुसरा हार्मोनिक जवळपास ६२ हर्ट्झला आहे आणि एका १२ इंची स्पीकरवरून आपल्याला तोच ऐकायला मिळणार आहे.

नाट्यगृहांतल्या पोकळ लाकडी रंगमंचावर हाच फिल्टर आणखी वर न्यावा लागतो, कारण कॅबिनेट थेट फळ्यांवर ठेवला की अख्खा मंच घुमू लागतो. मी तिथे ६० हर्ट्झपर्यंत जातो आणि कॅबिनेट खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवतो. मराठी वाद्यवृंदात आणखी एक प्रश्न असतो, तो ढोलकी आणि तबल्याच्या डग्ग्याचा. डग्ग्याची घुमक बासच्याच मुलखात वावरते आणि मनगटाच्या दाबाने ती वर-खाली सरकतही असते, त्यामुळे दोन्ही मिळून एक अस्पष्ट गुंजन तयार होते. ते हाय पास फिल्टरने सुटत नाही, कारण टक्कर बहुतांशी फिल्टरच्या वर होते. तिथे ईक्यूवर (वेगवेगळ्या वारंवारिता कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) १०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करून ७०० ते ९०० हर्ट्झचा भाग थोडा वाढवावा, म्हणजे प्रत्येक स्वराची सुरुवात ऐकू येते आणि डग्ग्याला त्याची जागा मिळते.

घरच्या खोलीबद्दलही सांगतो, कारण तिथला अनुभव फसवा असतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद सुमारे ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला येतो, म्हणजे ई तारेवरचा एफ शार्प आणि मोकळी ए तार भिंतींमुळे अवाजवी घुमतात आणि मधले स्वर दबतात. एकच स्वर असा घुमत असेल तर कॅबिनेट कोपऱ्यातून हलवा. त्यासाठी फिल्टर वर नेला तर नको ते स्वरही बारीक होतील.

पेडलांच्या साखळीत फिल्टरची जागा कोणती, हे तुमच्याकडे काय आहे यावर ठरते. कंप्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारे पेडल) असेल तर फिल्टर त्याच्या आधी हवा, नाहीतर न ऐकू येणाऱ्या धक्क्यांवर कंप्रेसर दबतो आणि स्वर कारण नसताना खाली-वर होतात. डिस्टॉर्शनच्या आधीही तो उपयोगी पडतो, आणि तिथे ८०-१०० हर्ट्झपर्यंत नेऊन स्वच्छ सिग्नल वेगळा मिसळला तर आवाज फाटका न वाटता धारदार राहतो. ऑक्टेव्ह पेडल (एक सप्तक खालचा स्वर जोडणारे) मात्र ई तारेवर २०.६ हर्ट्झचा सिग्नल स्वतः तयार करतो, म्हणून ते वापरत असाल तर मुख्य फिल्टर त्याच्या नंतरच ठेवावा लागेल.

तुमचा सिग्नल डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या पेटीतून) मिक्सरलाही जात असेल तर साउंडवाल्यांशी आधी बोला. छोट्या अ‍ॅनालॉग मिक्सरवरचे ‘लो कट’ बटण हाही हाय पास फिल्टरच असतो, पण तो गायकाच्या माइकसाठी ८० किंवा १०० हर्ट्झला कायमचा बसवलेला असतो. ८० हर्ट्झला १८ डेसिबलचा उतार असेल तर ई तारेची मूळ वारंवारिता १७ डेसिबलने खाली जाते, आणि मोठे सबवूफर असलेल्या सभागृहात हे नुकसान स्पष्ट जाणवते. डिजिटल मिक्सरवर ती जागा बदलता येते, तिथे ३० ते ४० पुरेसे आहे. रेकॉर्डिंगमध्ये डीआय आणि अ‍ॅम्पसमोरचा माइक असे दोन ट्रॅक असतील तर फिल्टर दोन्हींवर सारखाच लावा, कारण २४ डेसिबलचा फिल्टर कटऑफच्या जागी फेज १८० अंशांनी फिरवतो. एकाच ट्रॅकवर लावला तर त्या भागात दोन्ही ट्रॅक एकमेकांना खोडतात आणि खर्ज खरोखरच नाहीसा होतो.

फिल्टरकडून घरघर थांबण्याची अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे ती घरघर जी आणि जी शार्प या स्वरांच्या मध्ये आणि त्यांच्या वरच्या सप्तकांत बसते. तिचे मूळ अर्थिंगमध्ये किंवा वाद्याच्या शिल्डिंगमध्ये शोधावे.

खरेदीच्या आधी हाताशी असलेली साधने तपासा. बऱ्याच मल्टी-इफेक्ट पेडलांत ईक्यू किंवा कॅबिनेटच्या विभागात ‘लो कट’ असतो, आणि काही नव्या अ‍ॅम्पवर बदलता येणारा हाय पास फिल्टर बसवलेलाच असतो. वेगळे पेडल घ्यायचे ठरले तर कटऑफ साधारण ३० ते १०० हर्ट्झपर्यंत फिरवता येतो का आणि उतार निदान १२ डेसिबलचा आहे का, हे पाहून घ्या. काही बास गिटारींच्या आतच कपॅसिटर बसवून खर्ज कापण्याची सोय असते, जसे रिकनबॅकर ४००१ च्या ब्रिज पिकअपला जोडलेला ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर किंवा जी अँड एल एल-२००० वरचे पॅसिव्ह बास बटण. ते सौम्य उताराचे असतात आणि आवाजाचा पोत बदलण्यासाठी मला फार आवडतात. पण फडफडणारा कोन थांबवण्यासाठी तुम्हाला अ‍ॅम्पच्या आधी तीव्र उताराचा वेगळा फिल्टरच लागेल.